तृतीय पुरुष

मारुती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
एजंट आरवाडे आरसी उलटसुलट बघत म्हणाला,
मॅडम, कायद्याला लागतो तेवढाच घ्यायचा
तर थर्ड पार्टी.
गाडी ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली,
यातनं दमडी मिळायची नाही.
हा तुमच्यासाठी नसतोच.

मग कुणासाठी?

तुम्ही पहिल्या. कंपनी दुसरी.
तिसरा म्हणजे...
त्यानं खिडकीतनं खाली बोट केलं.
एक माणूस डोक्यावर गादी घेऊन
रस्ता ओलांडत होता.

मी सहावीला व्याकरण शिकवते.
प्रथम पुरुष मी, द्वितीय तू,
तृतीय: तो, ती, ते.
‘ते’पाशी माझा खडू दरवर्षी जरा अडतो,
कारण नवऱ्याचं नाव मी अजून घेत नाही.
ते म्हणते.

ते माधवनगर रोडला सायकलवर होते.
टेम्पोत तासगावचे बेदाणे.
विमा संपून चौदा दिवस झालेले.
कंपनी कोर्टात म्हणाली, आमचा संबंध नाही,
आणि तो खरंच नव्हता.
भरपाई टेम्पोवाल्याच्या नावावर निघाली.
भूपाल त्याचं नाव. महिन्याला तीन हजार आणून द्यायचा,
चहा नको म्हणायचा, चप्पल काढून दारातच उभा.
सात महिने आला.
मग टेम्पो विकला म्हणे, फोन लागेना.
त्याला शिव्या देता देता मी थांबते.
चौदा दिवस तर आमचं लाईट बिलही थकतं.

क्लचला डावा पाय लागतो.
म्हणून गाडी मी शिकले, चव्वेचाळिसाव्या वर्षी.
ते शेजारी बसतात.
मी गिअर बदलला की त्यांचा पाय चटईवर हलतो,
हलेल तेवढा.

शेजारी बसणाऱ्याचं काय, मी विचारलं.
तो यात येत नाही, आरवाडे म्हणाला,
रस्त्यावर असता तर आला असता.
त्याचा वेगळा भरावा लागतो.
भरला.
फॉर्मवर माझं नाव, कंपनीचं नाव.
तिसऱ्याच्या नावाला रकानाच नव्हता.

काल कॉलेज कॉर्नरला एक बाई
गाडीपुढेच खाली वाकली.
पिशवीतली लिंबं घरंगळली होती.
मागून हॉर्नवर हॉर्न.
मी ब्रेकवर पाय ठेवून बसले.
ते म्हणाले, वेचू दे तिला.