रिकीब

चलनावर मी लिहितो: लेग सपोर्ट, अ‍ॅडजस्टेबल, जोडी एक.
रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये वायंगणकर मिस्त्री
त्याला रिकीब म्हणायचे.
पहिल्याच दिवशी मी विचारलं, मग घोडा कुठाय?
म्हणाले, तुझ्या आईला विचार.
मला ती शिवी वाटली.

त्याला अकरा वर्षं झाली.
पाइप वाकवायचा, कडा घासायच्या, पट्ट्याला भोकं पाडायची,
क्लॅम्पचे दात एकमेकांत बसले का
ते नुसत्या खटक्यावरून ओळखायचं.
वर, खाली, आत, बाहेर.
मनगट आपोआप चालतं, डोकं दुसरीकडे असलं तरी.
चाचणी वाळूच्या पिशवीनं:
पंधरा किलो, रात्रभर टांगून ठेवायची,
सकाळी खुणेची रेघ हलली नसेल तर माल पास.
पिशवीनं कधी तक्रार केली नाही.

परवा घणसोली गावातून फोन आला,
उजवा पाय घसरतो.
(सगळे असंच बोलतात, जणू माझाच पाय.)
बोळात दोन गाड्या आडव्या, वर पहिल्या मजल्यावर प्रसूतिगृह.
तळपदे डॉक्टरीणबाई वाशीला गेलेल्या.
गोमती मढवी एकटीच स्टुलावर
कापसाचे बोळे वळत बसलेली.
नॉब काढला. दात झिजलेले. नवा बसवला.
आणि लक्षात आलं, पिशवी शेडवरच राहिली.

ती म्हणाली, मग तूच निज.
मी हसलो.
ती हसली नाही. बोळे बाजूला ठेवून उठली,
माझी टाच एका हातात, पोटरी दुसऱ्या हातात,
दोन्ही पाय एकदम उचलले, एक आधी एक नंतर असं नाही,
कंबर धरते तसं केलं तर, म्हणाली,
आणि पट्टा आवळला.

पॅन्ट होती अंगावर. बूटसुद्धा होते.
तरी मी शर्ट खाली ओढला.

तिथून माझं काम दिसत नाही.
रॉड नाही, क्लॅम्प नाही, मी घासलेली कड नाही.
दिसतात आपलेच गुडघे
आणि गुडघ्यांच्या बरोबर मध्ये
दार.

तेवढ्यात चहावाला पोरगा आत आला.
मी पाय ओढून घ्यायला गेलो.
रेघ हलली नाही.
माल पास.

पोरगा गेला. गोमतीबाई म्हणाली,
सोळा वर्सं झाली, सगळ्या बायका दाराकडंच बघत ऱ्हातात.
मी म्हंजे इथं उभी ऱ्हाते, अशी, आडवी.
पण मला दुसरी कामं नाहीत का?
मग कपाटातून मोज्यांचा गठ्ठा काढून दाखवला,
तिच्या लेकाचे क्रिकेटचे, जुने, धुतलेले.
लोखंड गार लागतं, म्हणाली. तुला बूट हायत, तुला नाय कळायचं.

पट्टा सोडल्यावर पाय खाली आले
ते थोडा वेळ माझे नव्हते.

टेबलाला चाकं होती. ब्रेक गंजलेला.
तेल सोडलं, दोन ठोके घातले,
दोघांनी मिळून टेबल फिरवलं,
आता पाय भिंतीकडे, डोकं दाराकडे.
दिव्याची वायर पुरेना, म्हणून ती वाढवून दिली.
डॉक्टरीणबाई येऊन ओरडतील, ती म्हणाली,
आणि माझा अर्धा चहा तिनं पिऊन टाकला.

चलनावर यासाठी रकाना नाही.
मी लिहिलं: नॉब एक, मजुरी.

रात्री यावलला फोन लावला.
पाऊसपाणी, कापूस, शेजारचं लग्न, सगळं झालं.
मग विचारलं, आई, माझ्या वेळी तुझे पाय
कशावर ठेवले होते?

बराच वेळ टीव्हीचाच आवाज येत राहिला.
मग तो बंद झाला.

कशावर काय, ती म्हणाली, घरीच तर झालास.
एक तुझ्या आत्यानं धरला होता,
दुसरा सोनाराच्या सुनेनं.
तिचे हात फार गार होते रे,
भांडी तशीच टाकून आली होती.