इटर्बीकर

स्वीडनमधल्या एका खेड्याच्या खाणीवरून
यांना नावं पडली: इट्रियम, इटर्बियम, अर्बियम.
आपल्याकडे जन्मली असती तर
सगळ्यांचं आडनाव एकच, इटर्बीकर.

मीही तशीच, कोळथरकर.
गाव नकाशावर बोट ठेवून दाखवीन,
गेले मात्र कधी नाही. पाच पिढ्या वडोदऱ्यात,
आजोबांनंतर घरात समुद्राचं नावही निघत नाही.

फतेगंजच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर,
फ्यूम हूडची काच अर्धी खाली ओढून
मी या भावंडांचा संसार मांडते:
इट्रियम अठ्ठ्याहत्तर, इटर्बियम वीस, अर्बियम दोन.
दोनच. जास्त झाले तर इतके खेटून बसतात
की एकमेकांचं तेज आपसांतच जिरवून टाकतात.

ओलिइक आम्लाचा वास केसांतून जात नाही.
आई म्हणते, खवट तुपाच्या बरणीत डोकं घातलंस का?
मिथेनॉलमधून फ्लोराइड, थेंब थेंब.
सत्तर अंशांवर मिथेनॉल उडून जातं.
मग निर्वात, एकशे दहा, पाण्याचा अंशही नको;
पाणी चहाडखोर, आतली ऊर्जा हळूच बाहेर नेतं.
मग आर्गॉन.
मग तीनशे अंश, आणि एक तास
स्टूलवर बसून पाऱ्याकडे बघणं.

अकरावी बॅच घनाकृती निघाली, जवळजवळ मुकी.
बारावीला दोनशे नव्वदवर सिलिंडर संपला,
फ्लास्कमध्ये जळक्या फोडणीचा रंग.
तेरावीबद्दल सरांना अजून सांगितलेलं नाही.

चौदावीच्या रात्री मंगळभाई राठवा थांबले.
मार्चमध्ये निवृत्त होतील. सिलिंडरचा पाना
त्यांच्या मागच्या खिशात असतो, मधल्या सुट्टीतही.
बाप कडीपाणीच्या फ्लोरस्पारच्या खाणीत होता.
"आम्ही पोरं जांभळे खडे उचलून आणायचो,
अंधार पडला की निखाऱ्यांवर टाकायचो.
पेटायचे नाहीत बेन, नुसते उजळायचे, तडतडायचे.
तोच खडा दुसऱ्या रात्री टाकला, तर काही नाही."
मी हे वहीत लिहिलं नाही.
वहीला तारीख लागते, वजन लागतं.

इथेनॉल घातलं, सेंट्रीफ्यूज फिरवला,
नळीच्या तळाशी नखभर पांढरी साय.
सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळली तेव्हा
क्युव्हेटमध्ये काही आहे असं वाटेना.
दोघांनी चष्मे चढवले. दिवा घालवला.
नऊशे ऐंशीचा लेझर, डोळ्यांना न दिसणारा,
सुरू झालाय हे फक्त पंख्याच्या आवाजावरून कळलं.

आणि द्रवाच्या मधोमध
सुईत ओवावा तसा हिरवा दोरा.

मंगळभाई वाकले. बराच वेळ वाकलेलेच.
मी सांगत राहिले: न दिसणारा एक कण येतो,
इटर्बियम झेलतो, अर्बियमच्या हाती देतो,
अर्बियम जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतो,
दुसरा कण आला की दोघांच्या बळावर वर चढतो,
तिथून उडी मारतो. ती उडी दिसते.
"थांबतो किती?"
सेकंदाचा हजारावा हिस्सा. त्याच्या हिशेबात खूप.
फ्लोराइडचं घर शांत आहे, भिंती फार थरथरत नाहीत,
म्हणून थांबता येतं.
"ने बीजो नो आवे तो?"

दुसरा आलाच नाही, तर.
याचं उत्तर मला पाठ होतं, तरी वेळ लागला.
ऊब होते, मंगळभाई.
स्फटिक किंचित हलतो, एवढंच. बाहेर काही दिसत नाही.
"हां," म्हणाले, आणि चष्मा खिळ्याला अडकवला.

स्कूटरवरून घरी जाताना विश्वामित्रीच्या पुलावर
खाली काठाशी मगरीचे दोन डोळे चमकले.
ते कुणाच्या तरी टॉर्चचं उसनं; घेतलं तेवढं परत.

सकाळी एक्स-रेचा आलेख आला. षट्कोनी,
पण कडेला घनाकृतीचं एक बारीक शिखर उरलेलं.
सरांनी त्याला लाल गोल केला.
पंधरावी सोमवारी.

हूडच्या कट्ट्यावर, पक्कडीशेजारी,
कुणीतरी एक जांभळा खडा ठेवून गेलंय.
हॉट प्लेट हाताशी आहे.
मी तो तापवलेला नाही.