अनुभवाचा रकाना

जळगावात, अजिंठा चौफुलीजवळ माझं दुकान:
एक संगणक, एक झेरॉक्स, लॅमिनेशनचं तापलेलं यंत्र.
बायोडाटा टाइप करून मिळेल, पान वीस रुपये.
टाळेबंदी उठली त्या जूनमध्ये
रांग पार टायरवाल्यापर्यंत गेली.
मी खडूनं गोल आखले होते, सहा सहा फुटांवर.
गोलात चपला ठेवून माणसं सावलीला बसायची.

एकच फाइल उघडायची,
आधीच्याचं नाव खोडून पुढच्याचं घालायचं.
बाकी फारसं बदलावं लागत नव्हतं.

रुबाब तडवी, यावलचा, सुरतेत साड्यांच्या घड्या घालायचा.
मार्चपासून आजपर्यंत काय लिहू, विचारलं
तर म्हणाला, 'लिख ना ताई, घर व्हतू.'
मी लिहिलं: वैयक्तिक कारणास्तव.
त्यानं वाचून घेतलं.
'वैयक्तिक म्हंजे मनं एकलानं का?'
मागे रांगेत कुणीतरी हसलं.

हेमांगी फेगडे मॅडम, बी.एस्सी. बी.एड.
शाळेनं आधी निम्मा पगार दिला, मग नुसता नमस्कार.
आता सावद्याला केळीच्या वेफर्सची पाकिटं भरतात.
ते लिहू नकोस, म्हणाल्या.
बोटांना तेल होतं, कागदावर ठसा उठला.
मी दुसरी प्रत काढून दिली.

डाळ मिलनं रंग ओळखणारं यंत्र आणलं.
निवडणाऱ्या एकतीस बायकांनी त्याच आठवड्यात
एका जागेसाठी अर्ज केले: यंत्राजवळ उभं राहायला.
एकतीसही मीच टाइप केले. सहाशे वीस रुपये.
त्या रात्री जेवण गेलं नाही, असं नाही.
गेलं.

वाल्मिक कोळी, चटईच्या कारखान्यात, अकरा वर्षं रात्रपाळी.
संदर्भ म्हणून त्यानं शेठचं नाव दिलं.

दिवाळीनंतर, मी शटर ओढत असताना, शेठ स्वतः आले.
पायी. मास्क हनुवटीवर.
'कधी केला नाही गं हा कागद. कसा असतो?'
अनुभव: चौतीस वर्षं.
शेवटचा पगार?
'घेत नव्हतो. देत होतो.'
मी तिथं रेघ ओढली.

संदर्भ?
बराच वेळ पंख्याची खरखर ऐकत बसले.
मग म्हणाले, 'कामगाराचं नाव चालतं का?'
मला ठाऊक नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
मी लिहिलं: वाल्मिक कोळी.
मोबाइल नंबर त्यांना पाठ होता.