पाव टक्का

पालीवालनं पाकीट दिलं ते सोनपापडीच्या डब्याखाली धरून.
सोळा हजार एक. वरचा रुपया चिकटवलेला,
लग्नाच्या पाकिटावर असतो तसा.
"काकीजी, चौसष्ट लाखांचा पाव टक्का. हक्क आहे तुमचा."
मी म्हटलं, पावती?
तो हसला. "पावती फाडली तर धंदा,
नाही फाडली तर शगुन."

हक्काचं असं काय केलं होतं मी?
लोकमान्यनगरच्या कोपऱ्यावर, पोह्यांच्या गाडीशी,
शेव जरा जास्त घाल रे म्हणता म्हणता
सहज बोलले होते त्याला,
कमल बेदरकर घर काढतेय.
एवढंच.

भाचा वकील आहे. जिल्हा कोर्टात, तिघांत एक टेबल.
रविवारी आला तेव्हा विचारलं,
आडून, शेजारणीचं म्हणून.
चहात टोस्ट बुडवत तो म्हणाला,
नव्या स्कीममधला फ्लॅट असता तर रेरानं विचारलं असतं,
नोंदणी आहे का, नंबर दाखवा.
नंबर नसताना टक्का खाल्ला तर दंड.
पण जुनं घर, हातोहात विकलेलं,
तिथे तो कायदा गप्प आहे, मावशी.
उत्पन्नात दाखवायला सांग तिला, बस.
टोस्ट कपात पडला. त्यानं चमचा मागितला.

कायदा गप्प आहे.
मी नव्हते.

कारण एवढंच नव्हतं ते.
पालीवालनं जिलबीची प्लेट पुढे सरकवली
आणि मी पुढचंही बोलून गेले,
मुलगा काही परत येत नाही आता हैदराबादहून,
हिचे गुडघे जिना चढत नाहीत,
दिवाळीच्या आत विकावंच लागेल.
सत्तर म्हणतेय खरी, पण...
त्या "पण"वर थांबले
आणि जिलबी उचलली.

सत्तरचे चौसष्ट झाले.
मधले सहा कुठे गेले ते रजिस्ट्रीत नाही.
रजिस्ट्रीत आहे पूर्वेला रस्ता,
पश्चिमेला टिल्लूंची भिंत,
आणि विकणारीचा अंगठा,
मशीनवर दोनदा टेकवलेला,
पहिल्यांदा उमटलाच नाही म्हणून.
साक्षीदार दोन. त्यातली एक मी.
"गवाह" असं छापलं होतं माझ्या नावाआधी.

परत द्यायला गेले होते.
"काकीजी, परत घ्यायचा कॉलमच नाही आमच्या डायरीत."
डायरी उघडी होती समोर.
दूधवाला आणि लिफ्टवाला यांच्या मध्ये
पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, वसुधा मॅडम, लो. नगर.
पुढे बरोबरची खूण.

निघायच्या आदल्या दिवशी कमलनं
शिवणाचं मशीन पाठवलं हातगाडीवर, मागोमाग स्वतः आली.
मी किंमत विचारली.
"वेडी का तू? तुझ्यामुळे गिऱ्हाईक मिळालं.
तुला काही द्यायला नको?"
मग बराच वेळ ती मला
टाच कशी घालायची ते दाखवत बसली.

मशीनच्या खणात बॉबिनी आहेत,
एकीवर मोरपंखी दोरा, अर्धा,
तिच्या कुठल्याशा ब्लाउजचा.
पाकीट तिथेच ठेवलंय.
खण पुरता लागत नाही तेव्हापासून.
तेल घालून पाहिलं.