काट्यावर काटा

एकोणीस वर्षं मी लोकांचा कचरा पोत्यात भरून फिरलो.
तुम्हाला हसू येईल, पण विट्याकडच्या कितीतरी घरांची
हीच भाकरी आहे:
परमुलखातल्या सराफांच्या दुकानातली झाडलोट घ्यायची,
जाळायची, धुवायची, तेजाबात घालायची,
आणि मुशीच्या तळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढं काही चमकलं
की घरी फोन करायचा.

सेलमला भाषा येईना म्हणून
दोन दिवस बोटानं दाखवून इडली खाल्ली.
विजयवाड्याला चुकीच्या गाडीत झोपलो,
उठलो तर समोर समुद्र.
पहिल्यांदाच बघत होतो,
आणि खिशात परतीचे पैसे नव्हते.
सिलिगुडीला पूर आला तेव्हा
भट्टीच्या कट्ट्यावर एका अनोळखी म्हातारीबरोबर
रात्र काढली.
तिच्या मांडीवर कोंबडी, माझ्या मांडीवर मूस.

गावी आलो की हे सगळं पारावर रंगवून सांगायचो.
दरवर्षी पुराचं पाणी वीतभर वाढायचं.

परवा मेहुण्याची लुना घेऊन खरसुंडीला निघालो.
रेणावीचा घाट चढलो, खानापूर मागं टाकलं,
आणि भिवघाटाच्या अलीकडं
मागचं चाक फस्सकन बसलं.
आजूबाजूला कुसळं, लांब एक थांबलेली पवनचक्की,
आणि मी, बारा राज्यं पालथी घातलेला,
माझ्याच तालुक्यात लुना ढकलत.

पत्र्याच्या खोपटात दस्तगीर मुलाणी बसला होता.
ट्यूब त्यानं घमेल्यातल्या पाण्यात बुडवली,
तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी फिरवत राहिला.
बुडबुडे येईपर्यंत एक शब्द नाही.
मीच बोलत होतो. सेलम, सिलिगुडी, समुद्र.
तो "हां" म्हणायचा, जिथं म्हणायला पाहिजे तिथं.

मग टायरच्या आतून बोट फिरवलं,
पकडीनं एक काटा उपसला, उजेडात धरला.
"वेडी बाभळ. ओढ्यात गाडी घातली होती?"
घातली होती.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही.

फळीखालचा बिस्किटांचा डबा काढून उघडला.
आत खिळे, काचा, तारेचे तुकडे,
बैलाच्या नालेचा चुका,
वाळलेले काटे. तीस वर्षांचे.
"हा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरचा.
हा एका नवरदेवाचा, रडायला आला होता बिचारा.
हा ॲम्ब्युलन्सचा."
तो परत आत टाकला, नीट, तळाशी.

स्वतः सांगोल्याच्या पुढं कधी गेलेला नाही.
"चाकातली हवा जाईस्तवर," म्हणाला,
"कोण कुणाजवळ थांबतंय?"

वाक्य झकास होतं.
पारावर सांगायला म्हणून मी ते लगेच उचललं,
आणि उचलता उचलता लाजलो.
सिलिगुडीच्या त्या म्हातारीचं नाव
अख्ख्या रात्रीत मी विचारलं नव्हतं.
कोंबडीचा रंग मात्र
दरवेळी वेगळा सांगितला होता.

चाळीस रुपये झाले.
तो काटा डब्यात टाकू लागला, तर म्हटलं,
द्या इकडं, माझा आहे.
"न्या. पण खिशात नको, टोचंल."
खिशातच ठेवला.
खरसुंडीला पोचेपर्यंत तीनदा टोचला.

रात्री घरी वडिलांचा जुना काटा काढला,
सोनं तोलायचा, काचेच्या पेटीतला,
फुंकर मारली तरी हलणारा.
एका पारड्यात काही ठेवलं नाही.
दुसऱ्यात तो.
काट्यावर काटा.
श्वास धरून बघत बसलो.

दारातून धाकटी म्हणाली,
"पप्पा, पुराची गोष्ट सांगा की."
थांब, म्हटलं,
कोंबडी खरंच पांढरी होती का,
आठवू दे.