रंग द्यायचा नाही

हुजैफाभाईंनी तीन तुकडे काउंटरवर टाकले,
पत्ते टाकावेत तसे.
एक मळकट, भाताच्या जुन्या गंजासारखा.
एकावर घामोळ्यासारखे उठाव.
तिसऱ्यावर निळी पातळ झिल्ली.
तिचा कोपरा नखाने उचलला
आणि आर्वीतलं ते अंधारं दुकान,
छताचा पंखा, दोरीची बंडलं,
माझं बासष्ट वर्षांचं नाक,
सगळं एकदम त्यात जाऊन बसलं.

"बावीस गेज घ्या, टिकते.
पन हे चमकवालं कायले, बाबूजी?
एक बोट लागलं तरी दिसते."

बोट लागलं तरी दिसते.
तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात
माझी बोटं कुणाला दिसली?
पत्रा यायचा कोरा, थंड.
सकाळी बेतायचो, कापायचो,
रिबिटांची ओळ सुतात धरायचो,
दुपारी आतून कान लावून ठोकायचो,
आणि संध्याकाळी सोनटक्के पेंटर
फवाऱ्याची बंदूक घेऊन यायचा.
सगळं लाल.
त्या गाड्या पुसदला गेल्या, गडचिरोलीला गेल्या,
वाटेत भेटल्या तर मी ओळखायचो रिबिटांवरून.
त्या मला ओळखायच्या नाहीत.

घरी अंगणात सांगाडा उभा आहे:
ट्रॉलीचा जुना आस, चौकोनी पाइप,
दोघांपुरती फळी, स्टोव्हला खण.
गाव त्याला खुराडा म्हणते.
पंचफुला म्हणाली,
"वैशाखात समोरच्याचे डोळे जातीन ना जी.
बैलं बुजतीन. पाखरं येऊन आदळतीन.
मंग सांगत बसा पाखराले, हे आभाळ नोहय."

टपाला पांढरा रंग, एवढं मी कबूल केलं.
सूर्याशी वाद घालत नाही मी.
पण बाजू उघड्या.

झिल्लीवर बाण छापलेले असतात, पुसटसे.
सगळे एका दिशेला हवेत,
नाहीतर तोच पत्रा, तोच दिवस,
आणि शेजारी शेजारी दोन वेगळी आभाळं.
हे हुजैफाभाईंना ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं, आणि उगाच ताठ उभा राहिलो.
रिबीटही अ‍ॅल्युमिनियमचंच द्या म्हटलं;
लोखंड मारलं की ओल लागल्यावर
दोन धातू एकमेकांना खात बसतात, मुकाट्याने.

फाल्गुनात झिल्ली ओढली.
नवं लुगडं फाडावं तसा आवाज.
धुऱ्यावरचा पळस सगळाच्या सगळा पत्र्यात उतरला.
लाल.
पोटात धस्स झालं, सोनटक्के आला की काय.
दोन पावलं सरकलो, लाल गेलं,
तूर कापलेलं रान आलं,
पंचफुला आली, कमरेवर हात, थोडी लांबट.
जाऊ शकणारा लाल मला चालतो.

आरटीओत काय सांगायचं, अजून ठरलं नाही.
पहिला मुक्काम कुठे, त्यावर भांडण चालू:
ती म्हणते लोणार,
मी म्हणतो, जिथे फोनची रेंज जाते तिथे.

तेवढ्यात टेकामांचा बोकड आला.
त्याला पत्र्यात एक बोकड दिसला,
तितकाच माजोरी.
तो चार पावलं मागे सरला.
मी हाड म्हणेपर्यंत,
ठण्ण.

डाव्या चाकाच्या वर, वाटीएवढा पोचा.
पंचफुला हसता हसता ओट्यावरच बसली.
मी हातोडी घेऊन आत शिरलो, कान लावला,
सवयीने जागा सापडली.
मग बाहेर येऊन एकदा पाहिलं:
पोच्यात पळस उलटा, अंगण उलटं,
आणि बोकड, बोटाच्या पेराएवढा,
चारी पाय आभाळात,
पुन्हा धडक द्यायच्या तयारीत.