उरलेला हात

फोटो तसा साधाच.
मुलुंडचा हॉल, एसी म्हणून भाडं जास्त,
अक्काच्या पंचाहत्तरीचा, जेवणं उरकल्यावरचा.
सोफ्यावर तिघं, मागे तिघं उभी,
आणि उजवीकडे आमचे भालचंद्रकाका
कमरेखाली चक्क जांभळ्या पैठणीत.

रात्री साडेअकराला आधी निशिगंधाला दिसलं.
मग गोरेगावला, मग नायगावला, मग दुबईत चिन्मयला.
दिवे घालवून झोपलेली घरं
एकेक करून उजळली
मोबाइलएवढी.

बोटांनी ताणून ताणून आम्ही काकांना मोठं केलं.
मिशी काकांची, कोट काकांचा,
कोटाखालून निऱ्या, निऱ्यांखाली
चंदेरी सँडलमधली नाजूक पावलं. नखांना रंग.
ट्रेझरीत पस्तीस वर्षं पैपैचा ताळा लावणारा माणूस
आणि त्याचाच ताळा लागेना.

खरं सांगू? उत्तर इतक्यात कुणालाच नको होतं.
डोळे आपले दिवसभर नोकरीवर असतात:
बसचा नंबर वाच, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाच,
सिग्नल, ओटीपी, साहेबांच्या कपाळावरची आठी.
दिसतं तसंच असतं, या भरवशावर
आपण रस्ता ओलांडतो, कल्ले बघून पापलेट घेतो.
परळच्या काचेच्या टॉवरात ढग असतात
आणि कावळे जाऊन आपटतात, ते सोडून देतो.
मग एक दिवस कुणाचा तरी फोटो
या इमानी नोकरांच्या हातावर तुरी देऊन पसार होतो
आणि आपल्याला राग येत नाही.
घरात चोर शिरलाय
आणि आपण शेजाऱ्यांना उठवतोय,
या, या, बघायला या.

एक वाजता प्रणोतीनं सोडवलं. आठवीत आहे.
पैठणी सुलभाकाकूची.
ती सोफ्याच्या हातावर टेकलीय, पाय पुढे टाकून,
आणि अक्काशी काही बोलायला काकांच्या पाठीमागून वाकलीय.
काकांची काळी पँट काळ्या रेक्झिनमध्ये विरघळलीय.
ती सोफ्याची झालर म्हणतोय ना आपण, तो गजरा आहे.

फटकन बसला फोटो.
निखळलेला खांदा बसावा, तसा.
मग कितीही डोळे किलकिले केले
तरी काका पुन्हा पैठणीत जाईनात.
चिन्मयनं लिहिलं, सांगायला नको होतंस.

काका जागेच होते.
स्वतःवर हसून झाल्यावर त्यांनी लिहिलं:
आता हात मोजा.

अंगठी मोजली, घड्याळं, बांगड्या, सलाईनची पट्टी,
ज्याचा हात त्याला परत केला.
भागाकारात बाकी राहावी तसा
एक उरला.
अक्काच्या खांद्यामागे, पांढऱ्या बाहीतला,
मनगटावर भाजल्याचा डाग,
आणि पुढचं सगळं माणूस फुलांच्या खांबाआड.
कुणी म्हणालं, कॅमेऱ्याची चूक.
कुणी म्हणालं, आप्पांचा असेल, आले असतील.
त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

सकाळी अक्काच्या नाकाशी फोन धरला.
मंगळवारी मोतीबिंदू काढायचाय.
ती म्हणाली, मला तर रोजच अशी माणसं दिसतात,
एकाला दुसऱ्याचे पाय.
तुम्ही एवढ्यासाठी रात्रभर जागलात?

हाताचं विचारलं तर लगेच म्हणाली, भाजलेला?
तो बिरजू. वाढायला होता.
सोफा खोल, माझी पाठ टेकेना,
तर उशी धरून उभा राहिला मागे.
सरकायला लागला तर मीच म्हटलं, थांब रे, होऊ दे फोटो.

आम्ही पिस्ता आइस्क्रीम दोनदा घेतलं होतं
त्याच हातून.

आता फोटो उघडला की
मला आधी ती उशी दिसते.
अक्का मात्र अजून हसतेय,
चष्मा पुसत विचारतेय,
आणि भालूची पैठणी कुठल्या रंगाची म्हणालात?